गाढवाच्या हातचा चहा

मेहकरला सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं होतं की या घरात पत्ते हा फक्त रविवारचा विरंगुळा असेल. पहिल्याच रविवारी जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली, कपाटातून पत्त्यांचा जोड, लुडोतला एक फासा आणि कपडे वाळत घालायचे दोन चिमटे काढले. चिमटे कशाला, म्हणून मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "गाढवाच्या कानाले."

या खेळाला बाकीकडे झब्बू म्हणतात. आमच्या घरी त्याचं नाव गाढव. एकाने पान टाकायचं, बाकीच्यांनी त्याच रंगाचं द्यायचं. सगळ्यांनी रंग दिला तर पानं बाद. एखाद्याकडे तो रंग नसला तर तो दुसरंच पान मारतो, आणि त्या हातात ज्याचं पान सगळ्यात मोठं, त्याने सगळी पानं उचलायची. त्याला आमच्याकडे ओझं म्हणतात. ज्याची पानं संपली तो सुटला, शेवटपर्यंत ज्याच्या हातात ओझं राहिलं तो गाढव. गाढवाने दोन्ही कानांना चिमटे लावायचे, दारात उभं राहून एकदा ओरडायचं आणि आत जाऊन सगळ्यांसाठी चहा करायचा. पानं कोणी वाटायची ते फाशावर ठरायचं. एक पडला की मुंगी, सहा पडला की हत्ती. मुंगीवाला वाटणार, हत्तीवाला पहिलं पान टाकणार. हे सगळे नियम सासऱ्यांचे. तहसीलमध्ये तीस-बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, नियम केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्या रविवारी सासूबाई गाढव झाल्या. पुढच्या रविवारीही त्याच. कानाला चिमटे लावून, पदर तोंडाशी धरून त्या दारात ओरडायच्या, आम्ही पोट धरून हसायचो आणि त्या आत जायच्या. चहा आला की सासरे पहिला घोट घेऊन म्हणायचे, "साखर कमी हाये. गाढवाले काय गुळाची चव." त्यावरही हशा व्हायचा. मीसुद्धा हसत होते, हे कबूल करायला हवं. जवळपास वर्षभर हसले.

मी दुसरबीडच्या शाळेत शिकवते. सकाळची बस, संध्याकाळची बस, आणि दिवसभर पोरांच्या वह्यांमध्ये कोणी कोणाचं पाहून लिहिलंय ते शोधणं. त्यामुळे डोळ्याला एक सवय लागते. एका रविवारी सासऱ्यांनी इस्पिकचा राजा टाकला. माझ्याकडे अठ्ठी होती, ती मी दिली. माझ्यानंतर सासूबाई, शेवटी नवरा. नवऱ्याकडे इस्पिक संपलंय हे आधीच्या हातात सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे सासूबाईंनी लहान पान दिलं असतं तर ओझं सासऱ्यांवर पडलं असतं. त्यांनी एक्का टाकला. ओझं त्यांनीच उचललं आणि डाव हरल्या. शेवटी पानं गोळा करताना मी पाहिलं, त्यांच्या हातात इस्पिकची तिर्री होती. पहिल्यापासून होती.

संध्याकाळी आम्ही दोघी तुरीची डाळ निवडत बसलो होतो. मी विचारलं, "आई, तिर्री होती ना तुमच्यापाशी?"

"हाव, होती."

"मंग एक्का काऊन टाकला?"

त्यांनी ताटातला खडा वेचून बाजूला टाकला. "चाळीस वर्षांमागची, लगनाच्या पहिल्या सालची गोष्ट हाये. मी जिंकली आन् हे गाढव झाले. चिमटे लावले, वरडले, समदे हासले. मंग मलेच म्हणले, चाल, चहा ठेव. मी जिंकून बी चुलीपाशी गेली. लय लागलं मनाले. मंग म्हटलं, चहा तं मलेच करा लागते. जिंकून उठण्यापेक्षा हारून उठलेलं बरं. निदान नियमानं उठली असं तं वाटते."

राग सासऱ्यांचा आला, नवऱ्याचा आला, आणि वर्षभर हसत बसलेल्या स्वतःचा तर फारच आला. चाळीस वर्षं ही बाई दर रविवारी ठरवून हरत होती, आणि आम्ही तिला खेळता येत नाही म्हणून चिडवत होतो. त्या दिवशी मी मनात पक्कं केलं, या सतरंजीवर एकदा तरी सासूबाई बसून राहतील आणि गाढव झालेले सासरे स्वतःच्या हाताने चहा करतील. मी हट्टी आहे. माहेरी धामणगावला मला त्यावरून किती बोलणी बसली असतील, त्याला गणती नाही.

आधी वाटलं, सोपं आहे, त्यांचं ओझं आपण घ्यावं. एक रविवार मी मुद्दाम हरले, चिमटे लावून ओरडले आणि स्वयंपाकघरात गेले, तर माझ्या मागोमाग सासूबाई आल्या आणि पातेलं माझ्या हातातून घेऊन म्हणाल्या, "तू बस, आठवडाभर बसमधी धक्के खातं." मग ठरवलं, ओझं सासऱ्यांवरच टाकायचं. पण मी कितीही जपून पानं टाकली तरी सासूबाई मध्ये येऊन ते उचलायच्या. कोणाकडे कोणता रंग संपला, कोणाकडे किती मोठं पान आहे, सगळं त्यांना पाठ. हरण्यात मी त्यांना हरवू शकत नव्हते. असे पाच-सहा रविवार गेले. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "कप-दोन कप चहाची गोष्ट, कायले मनावर घेतं?" मी म्हटलं, "मग तू कर." तो पेपर वाचायला लागला.

सासऱ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. माणूस वाईट नाही. माझ्या बसला उशीर झाला तर स्टँडवर येऊन उभे राहतात. पण त्यांना एक सवय लागली होती, आपला राजा ते बिनधास्त टाकायचे, कारण ओझं शेवटी सासूबाईंकडेच जाणार.

थंडीतल्या एका रविवारी, सतरंजी अंथरायच्या आधी, मी सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "आई, आज तुम्ही मुद्दाम हरल्या तर तो चहा मी पिणार नाही. आजच नाही, कोणत्याच रविवारी नाही. आणि जिंकल्या तर तुम्हाला उठू देणार नाही. मी बाजूलेच बसेन."

"आन् ह्यायनं चहा केलाच नाही तं?"

"तर आज कोणीच पिणार नाही."

त्या म्हणाल्या, "पाहू."

फासा पडला. नवऱ्याला मुंगी, त्याने पानं वाटली. सासऱ्यांना हत्ती. सुरुवातीला सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. मधल्या एका हाताला नवऱ्याचं इस्पिक संपलं, आणि त्यानंतर सासऱ्यांनी अगदी सवयीने इस्पिकचा राजा टाकला. मी दश्शी दिली. सासूबाईंची पाळी. त्या थांबल्या. त्यांनी एक पान निवडलं, परत आत सरकवलं, दुसरं काढलं आणि सतरंजीवर ठेवलं. पंजी. नवऱ्याने वर बदाम मारला.

सासरे म्हणाले, "अवं, तुह्याजवळ एक्का नाई?"

"हाये," सासूबाई म्हणाल्या. "पर आज नाई देत."

सासऱ्यांनी ओझं उचललं. तिथून पुढे सासूबाई ज्या खेळल्या तसं खेळताना मी कोणालाच पाहिलेलं नाही. सासऱ्यांकडे काय आहे ते त्यांना पान न् पान ठाऊक होतं. चाळीस वर्षं हरायचं म्हणून त्यांनी जे लक्षात ठेवलं होतं, ते सगळं त्या दुपारी उपयोगी पडलं. सगळ्यांत आधी त्या सुटल्या, मग नवरा, मग मी. सासऱ्यांच्या हातात पंख्यासारखी पानं उरली.

ते मोकळेपणाने हसले. चिमटे लावले, दारात जाऊन असे ओरडले की समोरच्या घरातून कोणीतरी डोकावलं. मग परत येऊन सतरंजीवर बसले आणि सासूबाईंना म्हणाले, "चाल, ठेव चहा."

सासूबाईंचा हात गुडघ्यावर गेला. उठताना त्या नेहमी तसाच टेकवतात. मी त्या हातावर हात ठेवला आणि सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, नियम तुमचाच आहे. गाढवानं चहा करायचा."

"मले कुठं येते?"

नवऱ्याने फासा उचलला आणि उगाच हातात घोळवत राहिला. मी हात काढला नाही, पण दाबूनही धरला नव्हता. उठायचं असतं तर त्या उठू शकल्या असत्या. त्यांनी पाय दुमडून मांडी नीट घातली.

"पत्तीचा डबा वरच्या फळीवर हाये," त्या म्हणाल्या. "साखर त्याच्या बाजूले. दूध जाळीखाली. अद्रक धुवून घेजा."

सासरे उठून आत गेले. पातेली वाजली, एक झाकण पडलं, दूध उतू गेल्याचा वास आला. दोनदा सासूबाईंचा हात गुडघ्याकडे गेला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो मागे घेतला. तिसऱ्यांदा गेला नाही. त्या पत्ते गोळा करून पिसायला लागल्या.

बऱ्याच वेळाने सासरे ताटलीत चार कपबशा घेऊन आले. कानाला चिमटे तसेच होते. पहिला कप त्यांनी सासूबाईंसमोर धरला. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"साखर कमी हाये," त्या म्हणाल्या.

सासरे आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आले.