बांध 'साफ' केला म्हणे!

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

धूलकोटजवळच्या आमच्या केळीत आम्ही जैविक शेती सुरू केली, तेव्हापासून बांधावर केना, कुर्डू, तरोटा अशा रानभाज्या, असं कितीतरी परत आलंय. काहींची तर नावंही मला माहीत नाहीत.

आज शेतात गेले, तर शेजारचा दिनेश पाठीवर पंप लावून आमच्याच बांधावर तणनाशक मारत होता.

"वहिनी, फुकटात साफ करून देतोय. जंगल झालं होतं, लोग हसते हैं!"

"कोणाला विचारून?" मी ओरडलेच.

तेवढ्यात बांधाच्या दुसऱ्या टोकाकडून त्याची आई आली. ओटीत कुर्डूची कोवळी पानं होती, भाजीसाठी खुडलेली. त्या टोकाला तो आधीच फवारून आला होता!

मी काकूंना सगळी पानं तिथेच टाकायला लावली, हात धुवायला लावले. दिनेशचा चेहरा पांढरा पडला. त्यानं पंप खाली ठेवला. "आई इथून भाजी नेते, मला काय माहीत?"

अर्धा बांध वाचला. उरलेला आता जळणार.

जे आपण पेरलं नाही, ते सगळं कचरा, हे आपल्याला कोणी शिकवलं हो?