साडूंचा राजीनामा

कुठलीही गोष्ट निश्चित ठरवायची नाही, असा निश्चय आमच्या साडूंनी जन्माला यायच्या आधीच केला असावा. आणि आयुष्यात पाळलेला तेवढा एकच. मिसळ तिखट घ्यावी की मध्यम, हे ते आधी वाढप्याला विचारतात, मग शेजारच्या टेबलावर वळून, "पावणं, तुमाला काय वाटतंय?" एकदा चपला घ्यायला गेले. एका पायात एका जोडातली, दुसऱ्यात दुसऱ्या जोडातली, असे दुकानासमोर अर्धा तास येरझारा घालत होते. शेवटी दुकानदारच हात जोडून म्हणाला, "साहेब, दोन्ही डाव्याच हाईत."

हा माणूस शिरोलीच्या एका फौंड्रीत दहा वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होता. पुढं कुणाच्या तरी आग्रहानं पुण्याच्या आयटी कंपनीत कन्सल्टंट झाला. इथल्याच मंगळवार पेठेतल्या घरी बसून काम, महिन्यातून दोनदा पुणं. गडमुडशिंगीच्या सासऱ्यांनी विचारलं, "म्हंजे करता काय?"

"कंपन्यांस्नी सल्ला देतो."

"तुमी?" सासरे म्हणाले, आणि गोठ्यात निघून गेले. हसू आवरायला गेले होते, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

तीन वर्षं त्यांनी सल्ले दिले. प्रत्येक सल्ल्याला दोन बाजू असत आणि साडूंना दोन्ही पटत. एका बैठकीत समोरच्यांनी विचारलं, "मग आम्ही नेमकं काय करायचं?" हे प्रांजळपणे म्हणाले, "मला बी तेच पडलंय." ती मंडळी खूश झाली म्हणे, पुण्याचे साहेब झाले नाहीत.

मग एका शनिवारी फौंड्रीच्या मालकांचा फोन आला. साडूंनीच बनवलेला मालाच्या नोंदीचा प्रोग्राम अडला होता. साडू तासाभरासाठी म्हणून गेले, ते संध्याकाळी परतले, आणि मंगळवारी पुण्याला राजीनामा पाठवून मोकळे झाले. का, ते त्यांनाही सांगता येईना. मेव्हणी रडली, चिडली. "लोक पुढं जात्यात, हे माघारी चाललेत! दाजी, तुमीच इचारा."

मी विचारलं. साडूंनी खिडकी उघडली, पुन्हा लावली. "इचार करतोय," म्हणाले. म्हणजे राजीनाम्यानंतर!

पुन्हा नोकरी मागायला त्यांनी मला बरोबर नेलं. फौंड्रीच्या फाटकावरून तीनदा गाडी पुढं काढली. शेवटी मालकच बाहेर आले. "अरं, आत ये की! पर तुझी खुर्ची न्हाय आता. तू शिकवलेली पोरगी बसलीया तितं. तिच्या हाताखाली चालंल?"

"चालंल," साडू म्हणाले. इतक्या लगेच, की मी चमकून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनीही माझ्याकडं पाहिलं. तेही चमकले होते.

मेव्हणीनं अबोला धरला. पंधरा दिवस. एकदा साडू गडबडीत डबा विसरून गेले, तेव्हा तिनं मला बोलावलं. "सोडा मला तितपर्यंत. तोंडावर देते आणि येते."

आम्ही पोचलो. शेडच्या दारातून वाळूच्या ढिगापलीकडं साडू दिसत होते. चारपाच कामगार, ती साहेब झालेली मुलगी, मध्ये कागद. ती म्हणत होती, "सर, यादी बरोबर हाय की."

"न्हाय," साडू म्हणाले. "तिसरी ओळ चुकलीया. हितनं सगळं बदला."

स्पष्ट, मोठ्यानं, कुणाला काय वाटतंय हे न विचारता. कामगार हलले. साडू पुढच्या कागदाकडं वळले.

मेव्हणी डबा हातात धरून उभीच राहिली. मी म्हटलं, "हाक मारू?" तिनं मानेनंच नको म्हटलं. डबा वॉचमनकडं ठेवला.

परतताना पंचगंगेचा पूल आला. ती मागून हळूच म्हणाली, "चौदा वर्षं झाली, दाजी, लग्नाला. मला एकदा बी असं 'न्हाय' म्हणाले न्हाईत."

तिला हे बरं वाटलं होतं की वाईट, मला कळलं नाही. विचारावंसंही वाटलं नाही. मी गाडी जरा सावकाश घेतली.