हाराचे खिळे

ओमती मोहल्ल्यातल्या त्या फ्रेमवाल्याच्या दुकानावरून हल्ली मी मान खाली घालून जातो.

काच कापताना तो श्वास रोखतो आणि कापून झाली की काचेलाच 'चलो' म्हणतो. फोटो कोणाचा, हे कधी विचारत नाही. एवढंच विचारतो, "हार लागन का जी?" हो म्हटलं, की फ्रेमच्या वरच्या बाजूला दोन बारीक खिळे ठोकतो आणि मजुरी निम्मी सांगतो.

मी बँकेत कारकून. फोटो हौसेने काढतो, पण अलीकडे त्याचे पैसेही घेऊ लागलो आहे. चेरीतालच्या एका आजोबांचा फोटो मी दिवाळीत काढला होता. ते वारले तेव्हा त्यांची मुलगी मोठी प्रत मागायला आली. मी नेहमीच्या दुप्पट सांगितले. तिने तेवढे मोजून दिले, वर फ्रेम करून आणायलाही मलाच सांगितलं.

खिळे ठोकता ठोकता फ्रेमवाल्याने पहिल्यांदाच विचारलं, "फोटोचं तुम्ही काय घेतलं जी?"

"फक्त कागदाचा खर्च," मी म्हणालो.

"बरं केलं. हाराच्या फोटोचा कोणी भाव नाही करत. म्हणून आपल्यालेच कमी सांगा लागते."

मी पाकीट काढलं, तर त्याने माझा हात मागे सारला. "तुम्ही काही कमावलं नाही, मंग मी काहून कमावू?"

मी पाकीट परत खिशात ठेवलं. फ्रेमचे पैसे आजोबांच्या मुलीने मला आधीच दिले होते.