खडूताईची वेगळी उशी

आमच्या शिवणाच्या कारखान्यात एक कायदा होता आणि तो खडूताईने केलेला होता: काम हातातून हातात द्यायचं. बाही असो, कॉलर असो, नाहीतर खिशाची नुसती पट्टी असो, पुढच्या बाईच्या हातात द्यायची. टेबलावर टाकलेलं काम दुसऱ्या कापडाखाली जातं, टाचणी आत राहून जाते आणि एखाद्या वेटरच्या मानेत घुसते. कुणी नव्या बाईने बाही टेबलावर भिरकावली की खडूताई चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "अगं, समोर माणूस बसलंय. त्याला हात आहेत."

तिच्या कानावर कायम खडूचा तुकडा असायचा, म्हणून ती खडूताई. पाठीमागे काहीजणी खडूस म्हणायच्या, तेही तिला ठाऊक होतं. कापड बेतणं तिच्याकडे, आणि सगळ्यांचं काम शेवटी तिच्याच नजरेखालून जायचं. हॉटेलातल्या वेटरांचे कोट, बँडवाल्यांचे डगले, नर्सांचे ॲप्रन, सगळं त्या एका लांब टेबलावर व्हायचं. मी टेबलाच्या टोकाला बसते आणि काजं करते, म्हणून मी काजवाली. माझ्या तोंडाला लगाम नाही हे जगजाहीर आहे, तेव्हा ही हकीकत माझ्याकडून गोड शब्दांत ऐकायला मिळेल अशी आशा धरू नका.

खडूताईला एकच बहीण. सगळे तिला धाकटी म्हणतात. आईवडील मागोमाग गेले तेव्हा धाकटी फ्रॉक घालायच्या वयाची होती. खडूताईने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. पोरगी डावखुरी. शिवणाच्या वर्गातल्या बाईंनी "हिच्या हाताला वळण नाही" म्हणून परत पाठवली, तेव्हा खडूताई तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "माझा उजवा तो तुझा डावा. आरशात बघतेस असं समज." असं समोरासमोर बसून तिने तिला टाका शिकवला. त्यामुळे झालं काय, की आम्हा सगळ्यांचा तिरपा टाका एकीकडे झुकतो आणि धाकटीचा दुसरीकडे. आमच्या टेबलावर तसंही कुणाचं काम कुठलं ते विचारावं लागत नाही, आणि धाकटीचं तर डोळे मिटून बोटानेसुद्धा ओळखता येतं. ती कोटांची अस्तरं लावते.

टेबलाच्या मधोमध टाचण्यांची एक उशी असायची. हिरवी, मखमल झिजलेली, आत लाकडाचा भुसा. जिला टाचणी हवी ती हात लांब करून घ्यायची. माझी टाचणी, तुझी टाचणी असला प्रकार आमच्यात कधी नव्हता.

एक दिवस सकाळी आलो तर हिरवी उशी सरकून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गेलेली आणि खडूताईच्या जागेसमोर एक नवी लाल उशी ठेवलेली. नव्याकोऱ्या टाचण्या टोचून अगदी सजवलेली. मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. कुणी न विचारताच म्हणाल्या, "ज्याची त्याची उशी वेगळी असली की घोळ होत नाही."

"मग माझी कुठाय?" मी विचारलं.

मालकीणबाईंना एकदम छतावरचा पंखा फार आवडला. त्या बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिल्या.

खडूताईने लाल उशी उचलली आणि उलटी केली. भुसा भरून झाला की उशीचं तोंड हाताने शिवून बंद करतात. त्या शिवणीवरून तिने अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग समोर बसलेल्या धाकटीकडे बघितलं. धाकटी मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती. सुईत दोरा आधीच ओवलेला होता.

खडूताईने उशी जागेवर ठेवली, कानावरचा खडू काढला आणि कोटाची पाठ बेतायला घेतली. थोड्या वेळाने तिच्या शेजारच्या कॉलरवालीने कॉलर संपवली, खडूताईच्या हाताकडे नेली आणि मध्येच टेबलावर ठेवून दिली. खडूताईने ती उचलली. माणूस बसलंय, हात आहेत, यातलं काहीही म्हणाली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली.

चहाच्या सुट्टीत मी मालकीणबाईंना जिन्यात गाठलं. आधी त्यांनी आढेवेढे घेतले, मग आवाज एवढा खाली आणला की मला जवळजवळ त्यांच्या तोंडात कान घालावा लागला. "तिला एच.आय.व्ही. आहे गं. रोज इंजेक्शनं घेते. तिच्या बहिणीनेच येऊन सांगितलं, नाहीतर मला कुठून कळणार? बिचारी रडत होती. म्हणाली, ताई मनाला लावून घेईल, गाजावाजा न करता काहीतरी करा. उशी तिनेच शिवून आणली."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मी माझ्याच बोटांकडे बघितलं. इतकी वर्षं एकाच उशीतल्या टाचण्या टोचून घेतलेली बोटं. मग माझीच मला लाज वाटली आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्याने केलं तर माणूस शिव्या तरी घालतो.

काम सुटल्यावर जिना उतरताना खडूताईने माझं कोपर धरलं. "आज माझ्याकडे ये. तुझ्या कानावर अर्धंमुर्धं गेलंय, ते पुरतं तरी ऐक."

"मी काय करू तिथे येऊन?"

"चहा कर. माझे हात आज मोकळे नसतील."

तिची खोली म्हणजे तिच्या शिवणीसारखी, कुठे सुरकुती नाही. तिने कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला खाकी कागद कापून केलेली एक बाई लटकत होती, म्हणजे आम्ही कोटाचा नमुना कापतो तसा तिच्या स्वतःच्या अंगाचा नमुना. पोट, मांड्या, दंड. त्यात एकच टाचणी टोचलेली.

"एका जागी लागोपाठ दोनदा सुई मारायची नसते," ती म्हणाली. "गाठी होतात. आज कुठे झालं, उद्या कुठे, हे डोक्यात राहीना, म्हणून हिला केली. टाचणी पुढे पुढे सरकवत जायची. नर्सला दाखवली तर हसून हसून तिची पुरेवाट झाली."

हा आजार तिला कसा झाला, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका. बरीच वर्षं गोळ्यांवर भागलं. मग त्या लागू पडेनात, म्हणून डॉक्टरांनी बाकीच्या औषधांच्या जोडीला हे इंजेक्शन दिलं. सकाळ-संध्याकाळ, घरच्या घरी, आपलं आपण. एकही वेळ चुकवायची नाही, चुकवली तर हेही औषध हातचं जाईल, असं त्यांनी बजावलं होतं. जन्मभर सुई धरलेली बाई, पण पहिल्यांदा स्वतःच्या पोटाला सुई लावली तेव्हा तिला दरदरून घाम फुटला. पुढे ते अंगवळणी पडलं. आता पोट आणि मांड्या गाठींनी भरल्या होत्या. तिने माझा हात धरून पोटावर ठेवला, कापडाखाली बटणं राहिल्यासारखं लागत होतं. बऱ्या जागा उरल्या होत्या त्या दंडावर, आणि एका हाताने दुसऱ्या दंडाची चिमूट धरून सुई मारता येत नाही. सकाळची सुई ती मांडीवर जागा शोधून कशीबशी घ्यायची, पण संध्याकाळची दंडावर, म्हणून रोज संध्याकाळी धाकटी यायची. अख्ख्या जगात खडूताईने हे फक्त तिला सांगितलं होतं. नर्सने दोघींना समोर बसवून समजावलं होतं, की टाचणीने, कपड्याने, एका ताटात जेवल्याने हे कुणाला होत नाही.

तिने लहानशा बाटलीतल्या पावडरीत पाणी सोडलं आणि बाटली दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवायला लागली. ही बाटली हलवायची नसते. हलवली की फेस होतो आणि मग ताटकळत बसावं लागतं. आपोआप विरघळेपर्यंत धीर धरायचा. मी असते तर त्या दिवशी बाटली भिंतीवर फोडली असती.

दारात किल्ली फिरली. धाकटी आत आली, तिने मला बघितलं आणि ती उंबऱ्यातच थबकली.

"ये, बस," खडूताई म्हणाली. "विरघळायचंय अजून."

धाकटी बसली. बाटली फिरत होती.

"उशी चांगली शिवलीस. भुसा जरा कमी भरलास, कोपऱ्यात दबते."

"मालकीणबाईंनी सांगितलं होतं शिवायला."

"आणि मालकीणबाईंना कुणी सांगितलं होतं?"

मी चहाचं भांडं उगाच ढवळत राहिले.

"नर्स काय म्हणाली होती? तू होतीस ना तिथे?"

"टाचणीने होत नाही, म्हणाली होती."

"मग?"

"मला भीती वाटली, ताई."

"माझी?" खडूताईचा आवाज पहिल्यांदा चढला, पण हात तसेच संथ फिरत होते. "रोज माझ्या दंडाला हात तू लावतेस. सुई तू काढतेस. रक्ताचा थेंब आला तर बोळा धरून तू दाबतेस. तेव्हा कधी तुला भीती वाटली नाही!"

"तुझी नाही गं," धाकटी रडायलाच लागली. "लोकांची. दवाखान्याच्या दारात कॉलरवालीने आपल्या दोघींना पाहिलं. ती आज ना उद्या बोललीच असती. मग तुझ्याबरोबर मलाही लांब बसवलं असतं. म्हणून मीच आधी जाऊन सांगितलं. निदान एकीची तरी जागा राहील."

"आणि ती कुणाची, ते तूच ठरवलंस."

धाकटी किल्ल्यांचं जुडगं बोटांत फिरवत राहिली.

"तुला भीती वाटली तर मला म्हणायचंस," खडूताई म्हणाली. "मी माझ्या हाताने उशी शिवली असती, तुझ्यापेक्षा चांगली, आणि आपणहून टोकाला जाऊन बसले असते. तुझ्यासाठी मी काय केलं नाही? पण तू माझ्या पाठीमागे शिवलीस. आणि मी शिकवलेल्या टाक्याने शिवलीस गं." तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत, कारण हातात बाटली होती.

औषध पाण्यासारखं नितळ झालं. तिने ते सिरिंजमध्ये ओढून घेतलं. धाकटीने सवयीने डावा हात पुढे केला. खडूताईने त्या हाताकडे बघितलं आणि खुर्ची ओढली. दंड खुर्चीच्या पाठीवर असा दाबला की मागची कातडी फुगून वर आली, आणि दुसरा हात वळवून सुई टेकवली. पहिल्यांदा हात पुरला नाही. सुई निसटली आणि दंडावर ओरखडा उठला.

"ताई, असं नको ना. मी देते. हवं तर मग काय ते बोल, पण आत्ता मला देऊ दे."

खडूताईने सुई बदलली आणि पुन्हा दंड दाबला. ओठ आवळून, मान वाकडी करून तिने दुसऱ्यांदा सुई आत घातली आणि औषध संपेपर्यंत तशीच राहिली. सुई काढल्यावर रक्ताचा एक थेंब आला. धाकटी बोळा घेऊन पुढे झाली, नेहमीसारखीच, जराही न कचरता. तेच मला सगळ्यांत वाईट वाटलं. खडूताईने दंड मागे घेतला आणि आपला आपण पुसला.

"किल्ली ठेव," ती म्हणाली.

धाकटीला ती किल्ली जुडग्यातून निघेना. डाव्या हाताचं नख मोडलं. मी मदत केली नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

खडूताईने कारखाना सोडला नाही. "मी कशाला जाऊ? टेबल मी बेतलंय," म्हणाली. मी माझी खुर्ची तिच्या शेजारी नेली आणि लाल उशीतल्या टाचण्या घ्यायला लागले. पहिल्या दिवशी तिने माझ्या हातावर चापट मारली. "दया नकोय मला."

"दया कसली? तुझ्या टाचण्या नव्या आहेत. आमच्या बोथट झाल्यात."

हे खरंच होतं. हळूहळू बाकीच्याही लाल उशीकडे हात लांब करायला लागल्या आणि कॉलरवाली तर सगळ्यांत जास्त, कारण तिला बारीक टाचणी लागते. आता लाल उशी टेबलाच्या मधोमध असते. मालकीणबाईंनी ते पाहिलं आणि मग पंखाही पाहिला. काम पुन्हा हातातून हातात फिरतं. संध्याकाळी खडूताई खुर्चीला दंड दाबून आपलं आपण इंजेक्शन घेते आणि कागदाच्या बाईवरची टाचणी पुढे सरकवते. एकही वेळ चुकलेली नाही. तिच्या रक्ताचा अहवाल चांगला आला, असं तिने मला मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगितलं.

धाकटीही आहे. तिची जागा राहिली. कोटाच्या खांद्याशी तिच्या अस्तराला अजून चुण्या पडतात, आणि ते उसवून सरळ करणं खडूताईशिवाय कुणाला जमत नाही. धाकटी कोट दोन्ही हातांवर घेऊन तिच्यापुढे येऊन उभी राहते. खडूताई तिचं अस्तर आजही दुरुस्त करते, आणि इतकं नीट की गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. पण धाकटीने कोट पुढे केला की ती मान वर करत नाही.

"टेबलावर ठेव," म्हणते.