लाल दगडावरची धाकटी

आमच्या घरात वाटणीची भाषा आजवर तीन वेळा निघाली. दोन वेळा जमिनीवरून आणि एकदा व्हिडिओ गेमवरून. पहिल्या दोन वेळी चूक कुणाची होती यावर अजून एकमत नाही. तिसऱ्या वेळी माझी होती, यावर आहे.

गेम थोरल्या जाऊबाईंच्या गौरीला तिच्या हैदराबादच्या मामानं आणला. हातात मावणारा, गुलाबी, खोक्यावर तीन प्रसिद्ध नट्यांचे हसरे फोटो. नट्यांना एका मोठ्या समारंभात नाचायचं असतं. पण स्टेजपर्यंत पोचायला शिड्या चढायच्या, खड्डे ओलांडायचे, पेट्या ढकलायच्या आणि डोकं लढवून दारं उघडायची! (एवढ्या मोठ्या बायकांना कुणी गाडी का पाठवली नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.)

येळवस तोंडावर आली होती. भालकीकडच्या आमच्या मेहकरात येळवस दिवाळीहून मोठी. त्या अमावास्येला भाज्या-शेंगदाण्यांची पातळ भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे घेऊन सगळं गाव शेतात जेवायला जातं, गावात कुत्रंसुद्धा उरत नाही. आमच्या घरी मात्र एक माणूस उरतं. म्हशीपाशी कुणीतरी लागतं ना! लग्न होऊन आल्यापासून ते माणूस मी. मी कधी तक्रार केली नव्हती. फक्त विसरले नव्हते.

त्या दुपारी आम्ही तिघी जावा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो. गौरी रडकुंडीला येऊन म्हणाली, "काकू, एवढं दार उघडून दे की!"

मी बी.ए. झालेली. घरात अडलेलं काहीही माझ्याकडेच येतं. मी हात पुसून गेम घेतला.

"ल्हान पोरीचा खेळ त्यो. तुला कामून पायजे?" अक्का म्हणाल्या. अक्का म्हणजे थोरल्या जाऊबाई. थोड्या वेळानं याच अक्का माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून ओरडत होत्या, "उडी मार, उडी! अगं मरायली की ती!"

मग मधलीही आली. बघता बघता नट्यांची वाटणी झाली. उंच, लांब वेणीची अक्कांनी घेतली. ("माझ्यावाणीच हाय," म्हणाल्या. मधलीनं तोंड फिरवून हसू दाबलं.) लाल झग्यातली, उंच उडी मारणारी मधलीनं घेतली. उरली पिवळ्या फ्रॉकातली बुटकी. ती मला आली.

दाराशी एक लाल दगड होता. त्यावर एकीनं उभं राहिलं की दार उघडायचं, पाय काढला की बंद. म्हणजे एकीनं मागं थांबायचं, दोघींनी पुढं जायचं आणि आतला खटका दाबून तिला मागाहून आत घ्यायचं.

"तुझीला हुबी कर," अक्का म्हणाल्या.

"माझीच कामून?"

"ती ल्हान हाय. ल्हानीनं थांबावं."

थांबवली. पुढच्या दाराशी पुन्हा लाल दगड.

"आता तुमची थांबवा, अक्का."

"माझीला पेटी ढकलायची हाय न्हवं का!"

"मग हिची?"

"माझी उडी मारायलीय," मधली म्हणाली. "उडीवालीला कोन थांबवतंय?"

पुन्हा माझीच थांबली. पुढच्या दाराशीही तीच! त्या दोघी आत गेल्या, आणि दगडावर एकटी उभी राहून माझ्या नटीनं इकडं तिकडं बघितलं आणि जांभई दिली. ती जांभई माझ्या काळजात घुसली.

"व्हय, ल्हानीनंच थांबायचं!" मी उठले. मांडीवरच्या शेंगा अंगणभर झाल्या. "येळवशीला बी ल्हानीनंच थांबायचं! तुमी आंबील प्यायची अन् मी म्हशीचं तोंड बघायचं!"

"मंजी? आमी तुला कोंडून ठिवायलाव व्हय?" अक्कांचा आवाज चढला. "येगळं निगायचं आसंल तर सरळ सांग!"

मधली रडायला लागली. (मधली कुठल्याही भांडणात आधी रडून मोकळी होते.) या गडबडीत गेम खाली पडला आणि माझी नटी खड्ड्यात गेली. आमचे सासरे, अप्पा, काठी घेऊन धावत आले.

"काय झालं गं?"

"काकूची मेली!" गौरीनं हंबरडा फोडला.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. गेमही उलटसुलट करून पाहिला. मग निकाल दिला, "पोरीचं बरुबर हाय. यंदा धाकटी शेताला जाईल. ह्या दोघी घर राखतील."

मला भरून आलं. इतक्या वर्षांनी घरात मला न्याय मिळाला होता!

येळवशीला मला कळलं की शेतात तीन जावांचं काम असतं आणि जाऊ मी एकटीच आहे. डोक्यावर भज्जीचं पातेलं ठेवलेलं टोपलं, पायाखाली काळी ढेकळं. पोचल्यावर वाढणं. येळवशीला वाटेनं जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि अप्पा तर पलीकडच्या रस्त्यावरच्या माणसालाही हाक मारायचे, "या, या! आमची धाकटी वाढायलीय!" लोक आले. लोकांनी लोक आणले. मी जेवले तेव्हा पातेल्यात भज्जीचा वास उरला होता.

संध्याकाळी घरी आले तर दोघी जावा झोपून उठून, तोंडं धुऊन, पावडर लावून बसलेल्या.

"काकू, गेम जिकलाव आमी!" गौरी नाचत म्हणाली. "अम्मा अन् मधली काकू दिसभर खेळायलत्या! तुझी नटी बी स्टेजवर नाचली!"

मी भिंतीला टेकून बसले. माझ्याशिवाय माझी नटीसुद्धा सुखात होती.

पुढची येळवस आली. प्रश्न निघायच्या आत मीच म्हणाले, "अप्पा, मी थांबते घरी. मला काय त्याचं!"

अक्कांनी डोळ्याला पदर लावला. "किती मोठ्या मनाची हाय बघा!"

अप्पांनाही गहिवरून आलं. त्यांनी भालकीहून आणलेलं मोठं कुलूप माझ्या हातात ठेवलं. "न्हाई, पोरी. तुझ्यावर आता अन्याव व्हऊ द्यायचा न्हाई. आजपसून घराला कुलूप, म्हस बी शेताला, अन् दर येळवशीला सगळ्यात पुढं तू!"

त्या वर्षापासून मी पुढं असते. टोपलं घेऊन, आणि म्हशीचा कासरा धरून.