वासंतीताईंचे वाल

“वाल सोलायला लावायची ती कोर्टातली बाई गेली म्हणं.”

मुंबईहून रेवसला येणाऱ्या लॉन्चमध्ये मागच्या बाकावरची बाई शेजारणीला सांगत होती. “व्हय? माझ्या भाचीशी तीच बोलली हुती गं.” मी वळून पाहिलं नाही. अनोळखी माणसाला काही विचारणं मला जमतच नाही. पर्स मात्र इतकी घट्ट धरली की बोटं दुखली. वासंतीताई गेल्याचं मला असं कळलं...

मी दहा वर्षांची असताना आईबाबांचा घटस्फोटाचा खटला अलिबागच्या कोर्टात चालू होता. न्यायाधीश तुला आत बोलावून विचारणार, कुणाकडे राहायचं, असं जो तो सांगायचा. मला वाटे, मी ज्याचं नाव घेणार नाही ते माणूस मरेल. खरंच मरेल. घास गिळवत नसे. बाबांच्या आईने उत्तरही पढवलं होतं : आई मारते. आई कधीच मारत नव्हती. मी ते वाक्य शाळेतल्या रेसिटेशनसारखं पाठ केलं, तेही इंग्रजीत. इंग्रजीत ते जरा कमी खोटं वाटायचं.

वासंतीताई वकील होत्या, पण अशा खटल्यांत कोर्ट त्यांना मुलांशी बोलायला नेमायचं. कोर्टासमोरच्या त्यांच्या खोलीत कागदांशेजारी मोड आलेल्या वालांचं पातेलं असे, संध्याकाळच्या बिरड्याचं. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. पातेलं पुढे सरकवलं. “सोल. दाबलंस की साल निसटतं.” मी सोलू लागले. बऱ्याच वेळाने वर न बघताच मी पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं.

“छान म्हटलंस. आता तुझं सांग.”

मी रडले. त्या सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, “हे बघ बाळा, मी ना आईची वकील, ना बाबांची. साहेब तुझं ऐकतील, पण ठरवणार ते. तुझं भलं कशात आहे हे बघणं त्यांचं काम आहे, तुझं नव्हे. निवडायचं नसेल तर तसं सांगायचं. आणि ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याला भेटता येतं. कायद्यातच आहे ते.”

न्यायाधीशांसमोर मी म्हटलं, मला आईकडे राहायचंय, पण शनिवारी लॉन्चने येणाऱ्या बाबांना आणायला रेवसच्या धक्क्यावर जायचंय. हुकुमात शनिवार आला. बाबा आले... आजही येतात.

लॉन्चमधल्या त्या बातमीनंतर महिन्याभराने धीर करून मी त्या खोलीत गेले. ताईंचं काम आता बघणारी त्यांची सहकारी कोर्टात गेली होती. टेबलावर तेच पातेलं, तिने पाणी घालून ठेवलेले वाल. बाकावर सातेक वर्षांची मुलगी, फ्रॉकची कड चावत बसलेली. शेजारी तिची आजी.

“सायबांनी विचारलं की काय सांगशील?”

“आई मारते.”

“मोठ्यानं म्हण. परत.”

निघून जावं असंच वाटलं. आयुष्यभर मी तेच केलंय. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी पातेलं उचललं, तिच्या मांडीवर ठेवलं, आणि म्हटलं, “आजी, तुम्ही जरा बाहेर बसा. तिचं ती सांगेल.”