न धुतलेली साडी

देवासच्या घराला कुलूप लावलं तेव्हा माझ्या एका हातात किल्ली होती आणि दुसऱ्या हातात मांजराची पेटी. शेजारच्या काकूंनी तळहातावर दही-साखर ठेवली. आईची ठमी पेटीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. कारखान्याने आमचं ऑफिस पुण्याला हलवलं होतं आणि मला जाणं भाग होतं. रडायला वेळच नव्हता, भाड्याची गाडी दारात घरघरत होती.

ठमी जन्माची भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी ती पलंगाखाली पळायची. आई गेल्यावर तीन महिने ती बहुतेक वेळ पलंगाखालीच असायची. "घरातून कुणी जाताना त्याच्या मागे लागू नये गं," असं आई म्हणायची. ठमीला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती रोज आईच्या खोलीच्या दाराशी जाऊन ओरडायची आणि मला वेड लागायची पाळी यायची.

प्रवासासाठी जनावरांच्या डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पोट हलकं ठेवा, पेटीवर चादर टाका आणि जिच्यावर मांजराचा जीव आहे तिचा वापरलेला, न धुतलेला कपडा आत घाला. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. तेराव्याला आईच्या साड्या, शाल, उशीचा अभ्रासुद्धा मी वाटून टाकला होता. आपल्यात करतात तसं, अगदी नेटकेपणाने. आलेल्या बायकांनी माझं कौतुकही केलं होतं.

पेटीत मी माझी ओढणी घातली. तिचा काहीएक उपयोग झाला नाही.

इंदूर सुटेपर्यंत ठमी ओरडत होती. घाट उतरून निमाडच्या उन्हात आलो तशी ती गप्प झाली आणि ते जास्त वाईट होतं. धामनोदच्या एका ढाब्याच्या सावलीत चादर उचलली तर तोंड उघडं, जीभ बाहेर आणि पोट भात्यासारखं हलत होतं. गाडीवाला वाकून म्हणाला, "दीदी, ये तो हाँफ री हे. पूना तक नी निकालेगी." पुण्यापर्यंत ती टिकणार नाही, हे मलाही दिसत होतं. ओल्या रुमालाने मी तिचे पंजे पुसले, पाणी बोटाने ओठाला लावलं. तिने मान फिरवली. ट्रक येत-जात होते, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि आईचं जिवंत असं एवढंच माझ्याकडे उरलं होतं. ढाब्याच्या खाटेवर बसून मी हमसून हमसून रडले. देवा, हिला तरी नेऊ नकोस, असं मोठ्याने म्हणाले. लोक बघत होते, बघू देत.

मग आठवलं, आईच्या चार साड्या धारच्या सुधामावशीने नेल्या होत्या. दिलेली वस्तू परत मागायची नसते, हे मला काय कळत नव्हतं? "भिया, गाडी धारला घ्या," मी म्हणाले. पुण्याकडे पाठ करून आम्ही पुन्हा घाट चढलो.

मावशीने दार उघडलं. माझा अवतार बघून तिने मला हाताला धरून आत घेतलं. ठमीसाठी आईची न धुतलेली साडी मागितली तशी तिने कपाळाला हात लावला. "अगं, गेलेल्या माणसाचे कपडे न धुता कपाटात ठेवतात का? चारही धुतल्या, इस्त्री केल्या." कडक घडीच्या त्या साड्या तिने माझ्यापुढे ठेवल्या. मी नाक लावून पाहिलं. साबणाचा वास.

मावशीने पेटीचं दार उघडलं आणि हाक मारली, "ठमे, ये गं बाई. ये." आवाज आईचा होता. सख्ख्या बहिणी, इतकी वर्षं माझ्या कसं लक्षात आलं नाही? ठमीचे कान हलले. पोटावर सरपटत ती बाहेर आली, मावशीच्या मांडीशी थांबली आणि तिच्या पदरात तोंड खुपसून पडली. हळूहळू तिचा श्वास जागेवर आला.



"पुढे नेलीस तर मरेल ती," मावशी म्हणाली. "राहू दे माझ्याजवळ." मला नाही म्हणायचं होतं. भांडायचं होतं, माझी आहे ती, असं ओरडायचं होतं. मी गाडीत जाऊन बसले. शेजारच्या सीटवरची रिकामी पेटी वळणावळणाला घसरत होती. सेंधव्यापर्यंत मी तिला धरून ठेवलं.

आता पुण्यात आठव्या मजल्यावर राहते. कुकर लावते, कुणी पळत नाही. गाव सोडून आलेल्या तुम्हा सगळ्यांनीही असं काहीतरी मागे ठेवलेलं असेलच. रविवारी मावशी फोन लावते आणि ठमीला दाखवते. परवा मी हाक मारली तर ती उठून चालती झाली. मावशी हसली. मीही हसले आणि फोन ठेवून चरफडत रडले.

सोसायटीतल्या बायका विचारतात, तुमचं घर कुठलं? देवासच्या घरात आता भाडेकरू आहेत. मी धार सांगते. तिथे मी सलग चार दिवसही कधी राहिलेली नाही.